माळ्यावर सापडलेली तलवार आणि ती घडवणाऱ्याचा शोध

जपानमधे जुन्या घरात तलवार सापडली की पहिला फोन पोलिसांना करायचा असतो, जाणकाराला नंतर. आमचं सासरचं घर ओकायामा प्रांतात डोंगराकडच्या भागात आहे, सासूबाई आता आमच्याजवळ कोबेला राहतात त्यामुळे ते बंदच असतं, तर त्याचं छप्पर दुरुस्त करताना सुताराने माळ्याच्या फळ्यांमागून तेलकट कापडात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू खाली दिली. सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, "ही मामंजींची." म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आजोबांची.

नवऱ्याने तिथूनच पोलीस स्टेशनला फोन लावला. ज्या भागात सापडली तिथलंच स्टेशन लागतं, आपल्या सोयीच्या गावात नेऊन चालत नाही. कुठे सापडली, कोणाला, घर कोणाचं, असं सगळं विचारून घेतलं, लांबी मोजली आणि सापडल्याची नोंद केल्याचा दाखला देऊन तलवार परत आमच्या हातात दिली. पुढची पायरी प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे. तिथे ठरलेल्या दिवशी तपासनीस बसतात, त्यांनी पास केलं की नोंदणीचं कार्ड मिळतं आणि मग ती घरात ठेवता येते. पास झाली नाही तर पोलिसांकडे जमा करायची, आणि जमा झालेल्या तलवारीचं पुढे भंगार होतं.

आमची धाकधूक नेमकी इथेच होती, कारण कापड सोडल्यावर दिसली ती सरळसरळ लष्करी तलवार. तपकिरी रंगाचं धातूचं म्यान, मुठीवर साकुराच्या फुलांची पितळी कामं, १९३८ साली ठरलेल्या अधिकाऱ्यांच्या नमुन्याची. आजोबा युद्धात लेफ्टनंट होते. त्या काळात लष्कराला एवढ्या तलवारी लागायच्या की त्या कारखान्यात बनायच्या, खूपशा गिफूजवळच्या सेकी गावात, तयार पोलाद घेऊन आणि पाण्याऐवजी तेलात विझवून. असल्या पात्याला कायदा कलावस्तू मानत नाही, त्याची नोंदणी होत नाही. पण अधिकाऱ्यांना तलवार स्वतःच्या पैशाने घ्यायला लागायची आणि ज्यांच्या घरात वाडवडिलांची तलवार होती त्यातले बरेच जण तेच जुनं पातं लष्करी म्यान-मुठीत बसवून न्यायचे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणजे आत काय आहे ते मूठ काढल्याशिवाय कळणार नव्हतं आणि सासूबाई तर पुन्हापुन्हा तेवढंच विचारत होत्या, ही घरात राहणार का?

ती माळ्यावर कशी गेली हे मात्र त्यांना पक्कं माहिती होतं. १९४५ ला शरणागतीनंतर घराघरातली शस्त्रं गोळा झाली, त्यात कितीतरी उत्तम जुन्या तलवारी कायमच्या गेल्या, काहींनी लपवल्या, आमच्या आजोबांनी लपवली. इथे मला एक गोष्ट सांगावीशी वाटते कारण ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. ओकायामाच्या भागात तेव्हा जे ताबासैन्य आलं ते ब्रिटिश कॉमनवेल्थचं होतं आणि त्यात ब्रिगेडियर थिमय्यांची २६८ वी इंडियन इन्फंट्री ब्रिगेड होती, आणि त्या ब्रिगेडमधे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. सातारा-कोल्हापूरकडची मराठी बोलणारी पोरं १९४६ मधे या मुलखात वावरत होती. सासूबाईंच्या सासूबाई सांगायच्या म्हणे की हिंदुस्थानी शिपाई मुलांशी फार मायेने वागायचे. मी साताऱ्याची आहे हे सासूबाईंना आत्ता या निमित्ताने नकाशावर दाखवलं.

असो, मूठ. तपासनिसांना पात्याचा मुठीतला भाग बघायचाच असतो त्यामुळे ती आधी सुटलेली बरी. मुठीत आरपार बांबूची एक खुंटी असते, ती छोट्या हातोडीने पलीकडे ढकलायची, मग डाव्या हातात मूठ घट्ट धरून पातं वर थोडं तिरकं ठेवायचं आणि उजव्या मुठीने आपल्याच डाव्या मनगटावर ठोके द्यायचे, की पातं हळूहळू सुटून वर येतं. हे नवऱ्याने केलं, मी बाजूला उभी. सत्तर-ऐंशी वर्षं बसलेलं, त्यामुळे लगेच आलं नाही, पण आलं. आधी मुठीपुढच्या चपट्या वॉशरसारख्या चकत्या निघाल्या, त्यांच्यावर आणि मधल्या परजेवर, म्हणजे हाताचं रक्षण करणाऱ्या तबकडीवर, एकच नंबर ठोकलेला, म्हणजे हा सगळा सेट युद्धकाळात एकत्र जुळवलेला. आणि मग पात्याचा मुठीतला तो भाग उघडा झाला ज्याला नाकागो म्हणतात.

काळपट चॉकलेटी, मऊ दिसणारा, सगळीकडे सारखा बसलेला गंज. युद्धकाळातल्या पात्यांवर इथे बहुधा शिक्का असतो, सेकीचा किंवा फुलातल्या एका अक्षराचा किंवा लष्कराच्या चांदणीचा, तसला कुठलाही शिक्का नव्हता. एका बाजूला सहा अक्षरं कोरलेली, दुसऱ्या बाजूला सात. भोकं दोन. एक वेडंवाकडं, कडा झिजलेल्या, जुन्या काळी छिन्नीने पाडलेलं, आणि दुसरं खाली अगदी कंपासने काढल्यासारखं गोल, म्हणजे ड्रिलने पाडलेलं, लष्करी मुठीसाठी. मला तिथेच कळलं की ही आजोबांपेक्षा फार फार जुनी आहे.

आणि इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. नाकागोवरचा गंज साफ करायचा नाही. ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही, ते लिंबू-चिंच घासायचे आपल्याकडचे उपाय तर अजिबातच नाही. पात्याच्या वरच्या भागावरचा गंज हा रोग आहे, त्याला जाणकाराकडे न्यायचं, पण नाकागोवरचा गंज हा तिचा जन्मदाखला आहे. तो किती खोल आहे, रंग कसा आहे, कोरलेल्या अक्षरांच्या आतसुद्धा तसाच उतरलाय का, यावरच पुढचा सगळा निकाल लागतो. घासून चकचकीत केलेल्या तलवारी मी नंतर दुकानात पाहिल्या आणि खरंच वाईट वाटलं, पुरावा कोणीतरी प्रेमाने पुसून टाकलेला.

शिक्षण मंडळाकडचं काम शांतपणे पार पडलं. दोन तपासनीस, एक मोजत होते आणि दुसरे लिहीत होते. लांबी पाठीवरच्या खाचेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजतात, आमची भरली दोन शाकु एक सुन, म्हणजे साधारण ६३.६ सेंटीमीटर. मग बाक, भोकं दोन, आणि कोरलेली अक्षरं जशीच्या तशी: एका बाजूला बिशू ओसाफुने सुकेसादा, म्हणजे बिझेन या जुन्या प्रांतातल्या, आताच्या ओकायामातल्याच, ओसाफुने गावचा सुकेसादा. दुसऱ्या बाजूला दाइएई ६ वं वर्ष, दुसरा महिना. दाइएई हा जपानी कालगणनेतला एक कालखंड, दाइएई ६ म्हणजे १५२६. मी मनातल्या मनात हिशोब केला आणि उडालेच, त्याच वर्षी एप्रिलमधे तिकडे पानिपतावर बाबर आणि इब्राहिम लोदी लढले, बहमनी राज्य शेवटचे श्वास घेत होतं, आणि इकडे कोणीतरी हे पातं घडवून त्यावर महिना कोरत होतं. कार्ड मिळालं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी घेतलं नि कपाळाला लावलं, ही सवय त्यांना माझी लागलीय.

पण त्या तपासनिसांनी निघताना स्पष्ट सांगितलं, "आम्ही जे कोरलंय ते लिहितो. ते खरं आहे असं आम्ही म्हणत नाही." खूप लोकांचा इथेच गैरसमज होतो, कार्डावर नाव आलं म्हणजे सरकारने शिक्कामोर्तब केलं असं वाटतं. कार्डाचं काम फक्त हीच ती तलवार एवढं ओळखण्यापुरतं. नाव खरं का खोटं हा पूर्ण वेगळा प्रवास आहे आणि जपानी तलवारीत खोट्या नावांचा सुळसुळाट शेकडो वर्षं जुना आहे. नाव नसलेल्या पात्यावर मोठ्या कारागिराचं नाव कोरायचं की किंमत वाढते, भेट द्यायला शोभते. आपल्याकडे मराठ्यांच्या फिरंगी तलवारींना युरोपातून आलेली पाती असायची ना, त्यांच्यावर पण तिकडच्या नामवंत कारागिरांची नावं बिनधास्त दुसऱ्यांनी ठोकलेली सापडतात, तोच प्रकार.

त्यात सुकेसादा हे नाव म्हणजे तर गर्दी. ओसाफुनेत या एकाच नावाने काम करणारे डझनांनी लोहार होते. योशिई नदीकाठचं गाव, मागे चुगोकूच्या डोंगरातली लोखंडाची वाळू आणि कोळसा, नदीतून माल आणायची सोय, जवळून मोठा रस्ता, आणि देशभर सरदारांच्या लढाया पेटलेल्या. मागणी एवढी की पाती ढिगाने बनायची, सैनिकांना वाटायला, आणि चीनला तर मिंग दरबाराकडे जाणाऱ्या जहाजांतून हजारोंनी जायची. ऑर्डर देऊन खास करवून घेतलेलं काम असेल तर लोहार आपलं घरचं नावही कोरायचा, बिझेन देशाचा रहिवासी ओसाफुने योसोझाएमोन-नो-जो सुकेसादा असं लांबलचक, कधी ज्याच्यासाठी केली त्याचंही नाव. ढिगाने केलेल्यांवर नुसतं बिशू ओसाफुने सुकेसादा. आमच्यावर तेच छोटं. योसोझाएमोन हा त्या घराण्यातला सगळ्यात नावाजलेला, १५२६ ला तो कामात होता, त्यामुळे नवऱ्याच्या डोळ्यात आशा दिसायला लागली होती.

आम्ही गेलो ते ओकायामातल्या एका म्हाताऱ्या पॉलिशवाल्यांकडे. पॉलिश हा शब्द फार थिटा आहे, हे लोक दगडांच्या कितीतरी जातींनी पातं घासत घासत आतलं पोलाद दाखवतात आणि आयुष्यभर हजारो पाती हातातून गेल्यामुळे त्यांची नजर तयार असते. त्यांनी नाकागो कापडाने झाकायला सांगितला. नाव बघायचंच नाही आधी. मला हे फार आवडलं. नाव वाचलं की डोळे त्याच नावाचे पुरावे शोधायला लागतात, म्हणून आधी शरीर बघायचं आणि शेवटी नाव.

पहिलं, आकार. आमचं पातं जरा आखूड, टोकाकडे जास्त वाकलेलं, नाकागोही बुटका. ते म्हणाले हे एका हाताने चालवायचं हत्यार, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं, तेव्हा पायदळाची लढाई वाढलेली, पटकन उपसून एका हाताने वार करायचा. त्याआधीच्या घोडेस्वारांच्या तलवारी लांब आणि बाक मुठीकडे असलेल्या, पुढे १६०० नंतरच्या बहुतेक कमी बाकाच्या. म्हणजे काळ नाव न बघताच जुळला. मग पोलाद, पण इथे अडलं कारण गंजाच्या डागांखाली आणि जुन्या खरखरीत घासकामाखाली काही दिसत नव्हतं. त्यांनी सुचवलं की आख्खं पातं घासायच्या आधी एक खिडकी उघडू, म्हणजे पात्याच्या थोड्याशाच पट्ट्यावर पूर्ण पॉलिश करायचं आणि आत काय आहे ते बघायचं. चांगलं निघालं तर पुढचा खर्च, नाही तर तिथेच थांबायचं. फार शहाणपणाची पद्धत आहे ही, पूर्ण पॉलिशचा खर्च मोठा असतो आणि प्रत्येक पॉलिशमधे थोडं पोलाद कायमचं जातं.

खिडकी तयार झाल्यावर परत बोलावलं. ट्यूबलाईट बंद, एक पिवळा बल्ब, पातं त्याच्या दिशेने धरून किंचित फिरवायचं. आणि मला ते पहिल्यांदा दिसलं. पोलाद घडी घालून घालून ठोकल्यामुळे लाकडाच्या फळीवर असतात तशा बारीक रेषा, त्यांच्यात अगदी धूसर, सावलीसारखी एक पांढुरकी झळ, आणि धारेच्या बाजूला पाणी दिलेल्या पोलादाची लाट, मधूनमधून तिचे उंचवटे दोन-दोन फाटे फुटल्यासारखे, खेकड्याच्या नांग्यांसारखे. पाणी देताना पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ, म्हणून धार कडक होते आणि पाठ लवचिक राहते, आणि त्या दोघांची सीमा म्हणजे ही लाट. वाचलं हजार वेळा होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर बोलायलाच सुचेना. पॉलिशवाले म्हणाले, सावली बिझेनची, नांग्या शेवटच्या काळातल्या ओसाफुनेच्या. आता कापड काढा.

मग नाव. त्यांनी नाकागोवर पातळ कागद ठेवून काळ्या कांडीने घासून छाप घेतला, अगदी लहानपणी आपण नाण्यांचे घ्यायचो तसा, आणि अस्सल म्हणून मान्य झालेल्या सुकेसादांच्या छापांशेजारी ठेवला. छिन्नी कुठून सुरू होते, कुठे दाबते, वळताना उचलते का, अक्षरांमधलं अंतर, सगळी रेघ न रेघ. छिन्नीने धातू बाजूला सरकून जो उंचवटा होतो तो आमच्या अक्षरांवर काळाने झिजून गोल झालेला आणि रेघांच्या आतला गंज बाहेरच्यासारखाच काळा. नंतर कोणी कोरलं असतं तर जुना गंज कापला जाऊन आत वेगळा रंग दिसतो. नाकागोवरच्या कानशीच्या रेघा किंचित उतरत्या, शेवट गोलसर, ओसाफुनेच्या सवयीप्रमाणे. दुसरा महिना हाही सवयीचाच, या गावच्या पात्यांवर बहुतेक वेळा दुसरा नाहीतर आठवा महिनाच असतो, तिसरा-पाचवा दिसला की उलट जास्त सावध व्हायचं.

नवऱ्याने शेवटी विचारलंच, योसोझाएमोन असेल का? ते म्हणाले, "काम चांगलंय. ढिगातलं असून चांगलंय. पण माणसाचं नाव मी देणार नाही, त्याने स्वतः दिलेलं नाही." मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. एका भट्टीत घणाचे ठोके देणारे वेगळे, पाणी देणारा वेगळा, अक्षरं कोरणाराही कधी वेगळा, आणि सुकेसादा हे त्या सगळ्यांचं मिळून नाव. ढिगाने केलेली म्हणून या तलवारींना नाकं मुरडणारे खूप भेटतात, मला ते पटत नाही. शंभर हातांनी घाईत केलेल्या कामात एवढी लाट उतरवायची म्हणजे त्या गावाची पातळी काय असेल.

मधल्या काळात आम्ही सासूबाईंना घेऊन ओसाफुनेलाच जाऊन आलो, आता ते सेतोउची शहरात येतं, तिथे तलवारींचं म्युझियम आहे. याच शहराने २०२० मधे सान्चोमो नावाची राष्ट्रीय ठेवा असलेली तलवार ५० कोटी येनला घेतली, देणग्या गोळा करून, एवढ्याशा गावाने. नदी तिथे शांत वाहते, पण १५९० च्या आसपास याच नदीच्या पुराने आख्खं लोहारांचं गाव धुवून नेलं आणि बिझेनची ती परंपरा मोडली. सुकेसादा नावाचे लोहार पुढेही झाले, पण थोडेच. म्हणजे आमची तलवार त्या पुराच्या सहा-साडेसहा दशकं आधीची.

लेखी निकालासाठी तलवार टोकियोला दिली, निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या संस्थेकडे, १९४८ पासूनची संस्था आहे, सध्या त्यांचं म्युझियम र्योगोकूला, सुमो जिथे चालतं त्याच भागात. नोंदणीचं कार्ड आणि तलवार दोन्ही जमा करायचं, मग परीक्षक मंडळ बघतं, आणि वाट बघायची. खोटं नाव निघालं तर कागद मिळत नाही आणि मग लोक ते नाव घासून काढून पुन्हा पाठवतात, म्हणजे पात्यावर कायमचा घाव. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, काहीही झालं तरी नाव घासायचं नाही, मामंजींनी जशी ठेवली तशी राहू दे.

कागद आला. होझोन दर्जा, म्हणजे जतन करण्याजोगी, चार पायऱ्यांतली पहिली. जाड जपानी कागदावर लिहिलेलं, प्रकार काताना म्हणजे लांब तलवार, कोरलेलं नाव बिशू ओसाफुने सुकेसादा, दाइएई ६, दुसरा महिना, सोबत नाकागोचा फोटो आणि शिक्का. नाव खरं ठरलं, कोणता सुकेसादा ते कागदही म्हणत नाही. नवरा आधी जरा खट्टू झाला, मग संध्याकाळभर तो फोटोच बघत बसला.

आता पूर्ण पॉलिश त्याच म्हाताऱ्यांकडे चालू आहे, त्यांच्याकडे रांग असते त्यामुळे वेळ लागणार. पातं परत येईल ते साध्या होनोकीच्या लाकडी म्यानात राहील, कारण लष्करी धातूच्या म्यानात ते पुन्हा खराब होईल. ते म्यान आणि मूठ मात्र टाकायची नाही, आत लाकडाचं खोटं पातं बसवून वेगळी ठेवायची, आजोबांची आठवण ती आहे. मंडळाच्या नोंदीत मालक म्हणून सासूबाई आहेत, त्यांना ती लवकरच नवऱ्याच्या नावावर करायचीय, तसं केलं की वीस दिवसांत मंडळाला कळवायचं असतं, फॉर्म आणून ठेवलाय.